ओहोटीची नोंदवही

मी इथला पंपवाला. समुद्राचं पाणी
खडकावरून टाकीत, टाकीतून काचेच्या नळ्यांत,
एवढंच माझं शास्त्र.
ब्रिटनीच्या या टोकाला बोटी कमी होत गेल्या
तेव्हा जाळं ठेवून मी पाना उचलला.

आझेनोर केरदिलेस वरच्या खोलीत बसते.
तिच्याकडे किडे आहेत. तिळाहून जरासे लांब, हिरवे.
ओहोटीला वाळूवर येऊन पसरतात
तेव्हा वाटतं, कुणी पालक उकडल्याचं पाणी सांडलंय.
लहानपणी आम्ही शेवाळ समजून धावत जायचो,
पाऊल पडायच्या आत
हिरवं गायब. नुसती ओली वाळू.
साठ वर्षं मी हे पाहिलं
आणि एकदाही विचारलं नाही, गेलं कुठे?

ती विचारते. त्याचाच तिला पगार,
तोही दर तीन वर्षांनी हात पसरून.

एकदा तिनं भिंगाखाली दाखवलं.
'हा काही खात नाही, गुल्वेन.
अंगात शैवाल पोसतो. ते ऊन खातं,
त्यावर याचं भागतं.
तोंड आहे, पण मोठेपणी त्याला काम उरत नाही.'
मी म्हटलं, माझा मेहुणा असाच,
फक्त तोंड तेवढं चालू असतं.
ती हसली नाही. मोजत होती.

गेल्या हिवाळ्यात रेनहून तिघं आले.
एकाच्या बुटांना वाळू ठाऊकच नव्हती.
'याचा उपयोग काय?'
आझेनोर गप्प. मग म्हणाली, 'माहीत नाही.'
आणि बऱ्याच वेळानं, उरलेली चिल्लर परत करावी तसं,
'माहीत असतं तर दुसरं काहीतरी शोधलं असतं.'
त्यांनी कॉफी घेतली. बिस्किटं मी आणलेली.
वसंतात कळवू, म्हणाले.

मग तिची आई आजारी पडली. कँपेरला जाताना
तिनं मला तळघराची किल्ली दिली आणि एक वही.
खाली एक बरणी, तळाशी वाळू,
डोक्यावर दिवसरात्र तोच दिवा.
ना लाट, ना वारा, ना भरती.
दर पाव तासाला लिहायचं: वर, की खाली.

पहिल्या रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
हिरवं सगळं एकदम बुडालं,
शाळेची घंटा झाल्यासारखं.
मी भिंतीवरचा भरतीचा तक्ता पाहिला.
बाहेर, अंधारात, पाणी नेमकं त्यांच्या वाळूवर चढत होतं.
दुसऱ्या रात्री चारला. तिसऱ्या रात्री पाचला दहा कमी.

बरणीला कोण सांगतं?

मी हे मोठ्यानं विचारलं. तळघरात. एकटा.
मग दुसरंच काहीतरी आठवलं:
बोट विकून अकरा वर्षं झाली,
तरी पाणी चढायला लागलं की माझे डोळे उघडतात,
रोज कालच्यापेक्षा पाऊण-एक तास उशिरा.
मारिव्हॉन म्हणायची, म्हातारपण.
मीही तेच धरून चाललो होतो.

वहीच्या कडेला मी बारीक अक्षरात लिहिलं,
'एरवी या वेळी गुल्वेनही जागा होतो.'
आझेनोर परतली. पानं उलटताना
तिची पेन्सिल तिथं थांबली. वाटलं, खोडेल.
तिनं पट्टी घेतली, शेजारी नवा रकाना आखला,
वर काही लिहिलं नाही.
'उद्यापासून घरीही लिही,' म्हणाली.

रेनचं पत्र अजून नाही. पंपाचा पट्टा झिजलाय,
तो बदलायला हवा.

काल दुपारी मोठी ओहोटी होती.
मी बूट काढून वाळूत उभा राहिलो,
हललो नाही, खोकलाही गिळला.
हिरवं परत आलं. आधी लांब,
मग अंगठ्याजवळ, मग दोन्ही पायांभोवती.
किती वेळानं, तेही लिहिलंय:
चौदा मिनिटं.