मिरचीच्या दिवसांत राजकन्या

पुस्तक शाळेचं, सोमवारी परत द्यायचं.
हात ताकानं धुतले, तेलानं चोळले,
तरी देठ खुडून आलेली बोटं जळतातच,
म्हणून पानं तेजल उलटते
आणि मी हात मांडीवर उताणे ठेवून वाचते.

राजकन्या उठल्यावर सगळ्यांना नमस्कार करते.
राजकन्या घास तोंडात असताना बोलत नाही.
राजकन्या रुमालात शिंकते आणि म्हणते, माफ करा.

इथं तेजल पोट धरून हसते.
पथारीवर लाल पसरलंय नजर जाईल तिथवर,
वारा फिरला की अख्खं नंदुरबार शिंकतं,
रिक्षावाला, मास्तर, चौकीतला हवालदार.
कुणी कुणाची माफी मागायची?

"आई, तिची आई काय काम करते?"
राणी आहे ती.
"हां, पण काम?"
उलट पान.

पुढच्या पानावर 'कृपया'.
हा शब्द आमच्या घरात नव्हता.
आम्ही म्हणतो, दे ना वं माय,
त्यातच सगळं येतं.
तेजलला मात्र आवडला,
बोरासारखा गालात घोळवत झोपली.

रविवारी आली माझ्याबरोबर.
मुनीमजी पाट्या तोलत होते,
बुटाचं टोक पाटीखाली, नेहमीसारखं.
आम्ही बाया बघतो. बघतोच.
तेजल पुढं झाली,
फ्रॉक दोन्हीकडून चिमटीत धरून वाकली
अगदी चित्रातल्यासारखी:
"मुनीमकाका, कृपया पाय काढा."

मागं जमनाबाई शिंकली.
मग मी.
रुमाल कुणाकडेच नव्हता.