घमेल्याचं वजन

भिवापूरच्या अलीकडं आमचा मिरचीचा सातरा.
एक्केचाळीस बाया, तीन ताडपत्र्या,
आणि देठ मोडणारे ब्याऐंशी हात,
संध्याकाळी तेलात बुडवले तरी
रात्रभर जळणारे.
किलोमागं बारा रुपये.
पाटीवर मालक म्हणून नाव माझं, रेवता तिजारे.
त्यातला 'ता' उन्हानं उडालाय,
सीझन संपला की रंगवून घेईन म्हणते,
चार सीझन झाले.

अनसूया झोडापेचं लेकरू पाच महिन्यांचं.
सकाळी अंगणवाडीत भरलं सहा किलो चारशे.
दुपारी तिनं गमतीनं
माझ्या काट्यावरच्या टबात ठेवलं:
सहा दोनशे.
"पहा वं, इथवर येता येता वाळलं माह्यं पोरगं!"
बाया हसल्या, ठसका लागेस्तोवर हसल्या.
मीही हसले.
आणि हसता हसता टबाकडं पाहिलं.

दिवाळीपर्यंत लोखंडी घमेलं होतं.
बूड गेलं म्हणून निळा प्लास्टिकचा टब आणला, हलका.
काटा मात्र अजून
त्या भंगारात गेलेल्या घमेल्याचंच वजन
वजा करत बसला होता.
दर तोलाला दोनशे ग्राम,
दुपारी एकदा, सांजी एकदा,
नव्वद दिवस.

मी चोरी केली नव्हती.
हे मी स्वतःला तीनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

रात्री मामाजींना पोथी वाचून दाखवायची असते.
त्यांना आता दिसत नाही, पण पाठ सगळं आहे;
शब्द चुकला की पायाचा अंगठा हलतो.
त्या रात्री नेमकं तेच पान आलं:
करणारा वेगळाच असतो,
माणसानं कर्तेपण मिरवू नये.
काय सांगू, किती बरं वाटलं!
ओळ पुन्हा वाचली.
मग पुन्हा.
अंगठा हलला.
"शब्द तर बरोबर आहे, मामाजी."
"शब्द बरोबरच हाय," ते म्हणाले,
"पण ही ओळ नफ्याच्या पानासाठी हाय, बाई.
चुकीच्या पानावर सही तुहीच लागते."
त्यांना काट्याचं कोणी सांगितलं होतं, माहीत नाही.
कदाचित कोणीच नाही.
कदाचित ओळ तिसऱ्यांदा वाचणाऱ्या माणसाचा
आवाजच वेगळा येत असेल.

चारशे ग्रामचे चार रुपये ऐंशी पैसे.
नव्वद दिवसांचे चारशे बत्तीस.
एक्केचाळीस जणींचे
सतरा हजार सातशे बारा.
नव्या चक्कीच्या पैशांतून काढले.
चक्कीवाल्याला फोन केला, तो म्हणाला,
"ताई, कोणी मागितले का?"
नाही, कोणीच नाही.
तेच तर.

सकाळी काट्यापाशी उभी राहून बोलायला गेले,
आणि पोथीतलं एकही वाक्य आठवलं नाही.
"टब बदलला, काटा नाही बदलला.
माझं चुकलं," एवढंच म्हटलं.
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
बायांनी नोटा मोजल्या, दोनदा मोजल्या,
आणि मला ते आवडलं.
चंद्रभागा मेश्राम तेवढी मागं रेंगाळली.
"मीबी कधीमधी देठासकट टाकली वं टबात,
दिवस बुडता बुडता."
"किती?"
"म्या काय तोलून टाकली?"
मग दोघींना एकदमच शिंका आल्या.

सात जणी मात्र आल्या नव्हत्या,
तेलंगणात मिरची तोडायला गेल्यात, होळीला येतील.
त्यांची सात पाकिटं, सात नावं,
कपाटाला कुलूप असूनही
मी पोथीच्या फडक्यात बांधली.
मामाजींच्या हाती रोज पोथी देते,
ते मांडीवर घेतात, थोडं थांबतात,
काही विचारत नाहीत.
पोथी जड झालीय.
किती, ते मी तोलून पाहिलं नाही.