नाव कमी करण्याचा अर्ज

शिधावाटप कार्यालय, माझगाव. खिडकी चार.
जुलेखा परकार दर जूनमध्ये येते,
तिकडच्या समुद्रात वादळांचा हंगाम उघडतो तेव्हा.
पहिल्या वर्षी मी विचारलं : मृत्यूचा दाखला?
नाही.
मग नाव कमी होत नाही, बाई.
कमी कुणाला करायचंय, ती म्हणाली.
अजून आहे ना, तेवढं बघायला आले.

आहे. जैनुद्दीन परकार, जहाजावर फिटर, वय एकेचाळीस.
आमच्या रजिस्टरात वय वाढत नाही.

अटलांटिक मी तिच्या फोनवर पाहिला.
ढगांचं पांढरं जातं, मधोमध तोंड.
याच्यात, म्हणत तिने नख टेकवलं.
नखाखाली बावीस माणसं
आणि बंद पडलेल्या पंपाशी झटणारा तिचा नवरा.

एकच सापडला. पारादीपचा पोरगा, भटारखान्यात भांडी घासणारा,
चार दिवस तराफ्यावर.
चाचांनी माझ्या जॅकेटची नाडी बांधली, तो म्हणाला,
मग स्वतःचं आणायला खाली गेले.
हे सांगताना ती माझ्या फायलीची लाल नाडी ओढून घेते :
दोन वेढे, आतून फास.
बघा, सुटते का.

त्या वादळाला बाईचं नाव होतं. ती उच्चारत नाही.
आता कुणीच ठेवणार नाही ते;
फार माणसं गेली की यादीतून काढतात म्हणे.
एक सभा, एक ठराव, चहा.
दाखला कुणी मागितला नाही.
इथे मात्र सात वर्षं, पोलिसांचा कागद, कोर्टाचा कागद.
पाण्याचा पंचनामा कुणी करायचा?

मग एका मे महिन्यात आपलंच वादळ आलं,
कार्यालयाचे पत्रे भायखळ्याच्या दिशेने गेले.
साहेब कॉम्प्युटर झाकत होते.
मी रजिस्टरं पोटाशी धरून टेबलाखाली,
आणि हात आपोआप बांधत होते :
दोन वेढे, आतून फास.
प ची पानं कोरडी राहिली.

त्याच्या वाट्याचे तांदूळ ती उचलत नाही.
तेवढे सोडून मोजा, दुकानदाराला सांगते.

यंदा नवा नियम. प्रत्येकाने येऊन अंगठा द्यायचा,
न दिल्यास नाव आपोआप रद्द.
ती खिडकीशी उभी. मागे रांग.
काय लिहू, मी विचारलं.
तुम्हीच लिहा, म्हणाली.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
कामानिमित्त बाहेरगावी.
शिक्का जरा तिरका उमटला.