वजाबाकी

दर दोन-तीन वर्षांनी तो जाड पिवळा लिफाफा येतो.
आत फॉर्म, परतीचं तिकीट लावलेलं पाकीट
आणि एक पेन, ज्याची शाई
मिनेसोटाच्या जानेवारीत पोस्टाच्या पेटीतच गोठते.
ते मी आधी काखेत धरून बसतो. मग लिहितो.

नाव: आर्वो सालमेला.
जन्म: १९४७, नोव्हेंबर, पहाटे चार दहा.
भाऊ: आयनार. चार एकोणीस.
नऊ मिनिटं मी जगात एकटा होतो,
त्यानंतर थेट गेल्या मार्चपर्यंत नाही.

सैन्यात दोघं एकाच आठवड्यात भरती झालो,
एकाच न्हाव्याने दोघांना भादरलं.
मग तो व्हिएतनामला,
आणि मी जर्मनीत, तळघरातल्या एका कचेरीत
बुटांच्या याद्या टाइप करत.

संशोधन करणाऱ्यांना नेमकं हेच हवं होतं.
मिलवॉकीच्या इस्पितळातली डॉक्टर प्रुइट
समजावून सांगायची छान:
तुमचं बीज एक, रक्त एक, आईच्या हातचं जेवण एक.
तेव्हा त्याच्यातून तुम्हाला वजा केलं
की खाली उरेल ते युद्ध.

मी हसलो.
शाळेत वजाबाकी करताना
हातचा घ्यायला मी नेहमी विसरायचो.

दोन रात्री आम्हाला शेजारशेजारच्या खोल्यांत निजवलं,
डोक्याला तारा, बोटाला चिमटा.
सकाळी कागदाच्या गुंडाळ्या उलगडल्या:
माझी रेघ गोठलेल्या तळ्यासारखी सपाट,
त्याची तीन वीसला ताठ उभी राहिलेली,
कुत्र्याच्या मानेवरच्या केसांसारखी.
"फोटो चांगला आलाय," आयनार म्हणाला,
आणि कॉफीत साखरेचा चौथा चमचा घातला.

एक गोष्ट मी फॉर्मवर कधी लिहिली नाही.
तिला रकाना नव्हता.

चौदाव्या वर्षी, सौनाच्या छपरावर,
अंगातून वाफा निघताहेत, खाली बर्फ,
उडी मारायची पैज. मी कचरत होतो.
आयनारने ढकललं.
बर्फाखाली ओंडका होता.
उजवं कोपर मोडलं.
सबंध हिवाळा प्लास्टर; लेथवर उभं राहता येईना,
म्हणून मास्तरांनी मला मुलींच्या टाइपिंगच्या वर्गात बसवलं.
आधी डाव्या हाताने शिकलो, मग दोन्ही.
आयनार दाराच्या काचेला नाक लावून खिदळायचा.

छावणीत सार्जंटने विचारलं, टाइप कुणाला येतं?
बराकभर पोरांत एकच हात वर गेला.
हाच, पुरता सरळ न होणारा.

ढकललं त्याने मला.
जाऊन पडला तो.

सांगा बाई, हे कुठल्या ओळीत मांडायचं?

मार्चमध्ये आयनार गेला. आधी यकृत म्हणाले, मग फुफ्फुस म्हणाले.
बायको आधीच गेली होती त्याची, मग सगळं मीच आवरलं:
दोन जाकिटं, मासे धरायचा गळ,
आणि उशीखाली टॉर्च, नव्या सेलचा.
त्याच्या नावाचाही लिफाफा या वेळी आलाय, पत्ता बिनचूक.
तो फोडला नाही. लाकडांच्या पेटीवर आहे.

माझा भरायला बसलोय.
"भावाच्या तुलनेत तुमची प्रकृती:
बरी, तशीच, की वाईट?"
इथे पेन इतका वेळ टेकवलं
की शाईचा ठिपका फुगून दोन चौकोनांत शिरला.
राहू दे. पुढे.

पान सात. सांधेदुखी? आहे.
कुठे? उजवं कोपर.
केव्हा? थंडीत; म्हणजे इकडे सात महिने.
हे दुखणं युद्धाशी संबंधित आहे का?

बाहेर तळ्यावर बर्फ तडकल्याचा आवाज झाला.
असा आवाज झाला की आयनार खुर्ची सोडून भिंतीशी जायचा,
आणि मी काहीच न पाहिल्यासारखं
चुलीत लाकूड सारायचो.

खूण केली: होय.
दाबून,
मागच्या पानावर उमटेल इतकी.