अडत

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात मी मापाडी.
पहाटे काटा मांडतो,
गोण चढते, आकडा ओरडतो, आकडा विसरतो.
आमचे अडते पोपटशेठ डुंबरे
रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबतात.
वर चेहऱ्यावर काही नाही,
खाली ओतूरच्या कुणाचं तरी वर्ष ठरत असतं.
रुमाल आता बंद झाला म्हणतात.
बोटांना कुठं कायदा वाचता येतो.

रात्री मी कादंबरी लिहिली. सहा वर्षं,
काटापट्ट्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर.

ती घेतली नौपाड्यातल्या मृदुला टिपणीसांनी.
साहित्याच्या एजंट, असं कार्डावर होतं.
मी सरळ विचारलं, अडत किती?
हसल्या. पंधरा टक्के, विकली तर.
आणि नाही विकली तर?
तर तुमच्या घरचा चहा.

मग पेन्सिल घेऊन बसल्या.
तीनशे बारा पानांतली ऐंशी काढली.
"हे तुमचं नाही, हे तुम्ही वाचलेलं आहे."
बाजारात रोज मी माती झटकूनच वजन करतो,
तरी त्या रात्री झोप आली नाही.

पुण्याच्या एका प्रकाशकाचं पत्र आलं म्हणे:
शेवटी मापाडी मेला पाहिजे, मग घेतो.
बाईंनी मला न विचारता नाही कळवलं.
सांगितलं दोन महिन्यांनी, तेही बोलता बोलता,
गावदेवी मैदानाशी रिक्षा शोधताना.

मी चिडलो. अहो, मारला असता!
हजार प्रतींसाठी दोनदा मारला असता मी त्याला.
रिक्षा थांबली. त्या आत बसल्या.
"माराल हे माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही."

पोपटशेठ पावती फाडत म्हणाले,
पडत्या भावात माल सोडत नाही तो अडत्या.
पुढची पावतीही फाडली, मग म्हणाले,
पण कांदा फार रोखला तर कोंब येतो हां.

अजून विकलेली नाही.
चहाला मात्र त्या येऊन गेल्या,
कोपरखैरण्याला, चार मजले चढून.
कप ठेवून हात पुढे केला:
ते रुमालाचं दाखवा बरं.
मी इस्त्रीचा रुमाल काढला,
शिकवलं, एक बोट, दोन बोटं, अख्खा पंजा.
त्यांनी माझी तीन बोटं घट्ट धरली.

तीनशे काय? मी विचारलं.
"पानं. पुढच्या कादंबरीची. पाडव्यापर्यंत."

मी एक बोट हळूच सोडवून घेतलं.