जवारी

सकाळी साडेसहाला बोटं माझी नसतात.
दुधाच्या पिशवीचा कोपरा दातानं फाडते,
मग तासभर कोमट पाण्यात हात घालून
सतारमेकर गल्लीतला कानशीचा आवाज ऐकत बसते.
चाचा लवकर बसलेत आज.

चौगुले मॅडमनी कागदावर गोल काढला:
"हे तुझे सांधे, हे तुझे शिपाई.
शत्रू कुणी नाही, तरी रात्रभर गस्त घालतात
आणि घरच्यालाच चोर म्हणून धरतात."

शिपायांचं आम्हाला काय सांगता, मॅडम,
आम्ही शिकलगार.
खापरपणज्यानं तलवारींना पाणी दिलं,
लढाया संपल्या, हात उरले.
रिकामा हात घरातच काहीतरी कापत बसतो.
मग कुणीतरी त्याच्यापुढं फुटका तंबोरा ठेवला,
म्हणालं, बघ जमतंय का.

हे बोलले नाही.
बाहेर चाळीस पेशंट होते, जतपासून विजापूरपर्यंतचे.

मंगळवारी सहा पिवळ्या गोळ्या. एकदाच, आठवड्यातून.
रात्री तोंडात लोखंड,
बुधवारी भाकरीचा वासही नको.
महिन्याला रक्त.
"फार दाबलं तर साधा खोकला मुक्कामाला येईल,
कमी दाबलं तर बोटं वाकतील."
म्हणजे खुंटी,
मी मनात म्हटलं.
पिळायची, पण तार तुटेस्तोवर नाही.

काल चाचांनी दोन वर्षांनी मला जवारीला बसवलं.
कानस पेलवली नाही. घासलं त्यांनीच,
मी नुसती ऐकत होते.
"बंद आहे."
"अजून बंद."
"आता फार उघडली चाचा, भांड्यासारखी खणखणतेय."
घोडीवरून केसाएवढा चुरा पडला.
त्यांनी तो फुंकला नाही, बोटानं टिपला.
मग तारेखाली सुताचा धागा.
त्याला आमच्यात जीव म्हणतात.
जरा मागं. जरा पुढं. नाही, मागंच.
एका जागी तार स्वतःशी भांडायची थांबली
आणि कितीतरी वेळ बोलत राहिली.

त्या जागेवर खूण करून ठेवता येत नाही.
हवा बदलली की सरकते,
पुन्हा बसावं लागतं.

सीआरपी अठ्ठेचाळीसवरून चौदावर आलाय.
आज पिशवी कात्रीनं कापली.
डावी करंगळी तेवढी अजून
कुणाचं ऐकत नाही.
तिला काहीतरी काम द्यायला हवं.