पन्नास सायकल

चोवीस वर्षं मी म्हणतोय, फेंडर.
शिरीष जयकर म्हणतो, हॉफनर,
पोकळ अंगाचा आहे रे, सूर उठतो
आणि दोन पावलांत बसकण मारतो.
ती घोडीखालच्या स्पंजची करामत, मी म्हणतो.
नखी आहे, तो म्हणतो.
अंगठा, मी म्हणतो, तोही नख वाढलेला.
मधे चहा निवतो. वहिनी दिवा मालवून झोपायला जातात.

तबकडी एकच.
चोरबाजारात शिवणयंत्राच्या पेटीत सापडलेली.
लेबलावर बुरशी, तिच्यातून दिसतं 'बॉम्बे'
आणि सालातला शेवटचा एक.
बँडचं नाव कुणीतरी खरवडून काढलंय.
(भांडण झालं असणार, शिरीष.
उधारी, मी.)

विलायती तबकड्या आम्ही आंधळेपणी ओळखतो.
कुठे व्हॉल्व्ह तापून आवाज घोगरा झालाय,
कुठे जुन्या सपाट तारा, घामानं मुकावलेल्या,
कुठे अ‍ॅम्प मुळी नाहीच,
वायर सरळ टेबलात खोचलीय.
हरणाऱ्यानं बैदा रोटी द्यायची.
या एका तबकडीपायी मात्र
कुणाला रोटी मिळालेली नाही.

परवा लॅमिंग्टन रोडला घेऊन गेलो.
कुंदा तोंडवळकर. दुकान आता एलईडीच्या पट्ट्यांचं,
वडिलांच्या हयातीत अ‍ॅम्प्लिफायरचं.
गाणं त्यांनी ऐकलंच नाही.
"सुई उचला. मागे. अजून मागे.
सुरू व्हायच्या आधी जे आहे ते लावा."

आधी काय असणार?
खरखर. आणि खरखरीच्या बुडाशी
काडेपेटीत कोंडलेला भुंगा.

"हा वेगाचा खटका खाली का ओढलाय?"
तबकडी चढी आहे, मी म्हणालो,
गिटार जुळत नाही, म्हणून आम्ही उतरवून ऐकतो.
"किती?"
शंभरात दोन.
त्यांनी सोल्डर लागलेल्या बोटानं खटका शून्यावर आणला.
भुंगा किंचित वर सरकला.
"हं. हे बाबा."

मग पट्ट्यांची गुंडाळी करता करता, माझ्याकडे न बघता:
"अर्थिंगच्या बाबतीत माणूस कंजूष.
त्यांचा प्रत्येक अ‍ॅम्प असाच गुणगुणायचा.
पोरं सूर लावायला यायची, पेटी नसायची कुणाकडे.
बाबा सांगायचे, ट्रान्सफॉर्मरला विचारा.
पन्नास सायकल.
बेस्टची वीज आहे, खोटं बोलणार नाही.
मला वाटायचं, आत पन्नास सायकली आहेत
आणि एकही पंक्चर नाही."

आणि गिटार कोणती होती?
"ती नाही पाहिली मी.
कुणी म्हणे डोंगरीच्या सुतारानं दाराच्या फळीची केली,
कुणी म्हणे गोदीतल्या खलाशानं विकली.
बाबांना वायरीपलीकडचं काही दिसायचं नाही."
मग गिऱ्हाईक आलं. पाच मीटर, निळी, पाण्यात चालणारी.

म्हणजे चढी नव्हतीच ती.
कुणी एक पोरगा, अंगठ्याचं नख वाढवलेला
(किंवा नखीवाला, शिरीषच्या समाधानासाठी),
अ‍ॅम्पपाशी कान नेऊन बसला होता
आणि तार पिळत होता, पिळत होता,
भिंतीतून येणाऱ्या सुराला टेकेपर्यंत.
बाकीच्यांनी त्याच्यावरून लावलं.
आणि आम्ही चोवीस वर्षं
अख्ख्या मुंबईची वीज एकोणपन्नासवर आणून
भांडत होतो लाकडावरून.

शिरीषला फोन केला. सगळं सांगितलं.
बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
तरीही हॉफनरच.
मी काही बोललो नाही.
त्याच्या स्वयंपाकघरातला जुना फ्रिज ऐकू येत होता,
बरोबर सुरात.